चिकटवलेली बॅटरी

प्रिय छोट्या,

परवा तुझा फोन आला आणि मी मोबाइल भिंतीवर आपटला. दुरुस्तही मलाच करावा लागला, हसू नकोस. फोनवर माझ्या तोंडून नुसत्या शिव्या येतात, म्हणून लिहितेय.

बाबांनी लॅपटॉप उघडलाच कशाला, असं विचारलंस तू. अरे, जन्मभर त्या माणसाने दुरुस्तीशिवाय दुसरं केलं काय? बॅटरी फुगली होती. लॅपटॉप तुमच्याच कंपनीचा, गिऱ्हाईक आधी तिथे जाऊन आलं होतं, तर नवाच घ्या म्हणाले. बाबांनी झाकण काढलं तर बॅटरीला एक स्क्रू नाही, तळाला गमाने घट्ट चिकटवलेली. पट्टीने उचकटायला गेले आणि ती फाटली. जाळ थेट तोंडावर आला. मी वाळू ओतली, त्यांचं डोकं ओल्या टॉवेलात दाबून धरलं, तर वेदनेने ते माझ्या मनगटाला कडकडून चावले. उजवा डोळा गेला.

मग तुमचे साहेब हॉस्पिटलात फळं घेऊन आले. म्हणाले, बघा, म्हणूनच आम्ही सांगतो, घरी उघडू नका, जिवाशी खेळ आहे. चोराच्या उलट्या बोंबा! गम तुम्ही लावायचा, माणूस भाजला की शहाणपण पण तुम्हीच शिकवायचं. मी स्टूल उचललं आणि हाणलं. दोन दात पडले त्यांचे. चौकीत बसवलं मला. वाईट एवढंच वाटलं की स्टूल हॉस्पिटलचं होतं.

तू त्याच बॅटऱ्या चिकटवणाऱ्या विभागात आहेस, हे बाबांना ठाऊक नाही. कळलं तर उभा चिरतील तुला, आणि सुरीला धार मी लावून देईन. इतका राग आहे माझा. पण लहानपणी तू विजेच्या तारेला चिकटलास, तेव्हा त्यांनीच लाथ घालून तुला सोडवलं होतं. बरगडी मोडली, पण जगलास.

काल त्यांनी दुकान पुन्हा उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक तसलाच लॅपटॉप घेऊन आलं, तोही फुगलेला. मी तो हिसकावून घेतला, तर बाबांनी थोबाडीत मारली मला, या वयात. उद्या सकाळी उघडणारच म्हणतात. तो गम कशाने सुटतो, हे तुला माहीत आहे. बाहेर सांगितलंस तर नोकरी जाईल, तेही मला कळतं. तरी सांग. तुझे दाजी हे पत्र घेऊन तुझ्या दारात उभे आहेत, उत्तर घेतल्याशिवाय हलणार नाहीत. बाबांना आता एकच डोळा आहे रे.

तुझीच, अजून धुमसणारी,
ताई