आपल्या दुखवट्याचा ठराव

दि. ११ एप्रिल १९७९

ती. स्व. भिमाजी मामांस,

कोंडाजीचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. आपली प्रकृती कशी आहे? (हे मी या खेपेला रिवाज म्हणून विचारत नाही.) सिन्नरला ऊन वाढलं असेल, दुपारचं बाहेर पडू नये. मामींना नमस्कार, पण हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नये, ही विनंती.

मामा, मला फार लाज वाटते आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिता येईल. भाचा नगरपालिकेत सभेचा कारकून आहे, हे आपण चारचौघांत अभिमानाने सांगता. विषयपत्रिका काढायची, सभासदांच्या सह्या घ्यायच्या, कोण काय बोललं ते इतिवृत्तात लिहायचं (जे बोलले नाहीत त्यांचंही लिहावं लागतं). सोमवारच्या सभेत सातवा विषय कोंडवाड्यावर कारकून नेमण्याचा होता, आणि तो कारकून म्हणजे मी. पकडून आणलेली मोकाट गुरं, त्यांचे भांडायला आलेले मालक, आणि मधे मी. आपल्या गोठ्यातल्या म्हशीनेसुद्धा लहानपणी मला कसं ओळखून ठेवलं होतं, ते आपल्याला आठवत असेल. माझं नाव सुचवणारे मुख्याधिकारी लवकरच बदलून जाणार अशी बोलवा होती, तेव्हा एक सभा लांबली तरी मी वाचत होतो.

आमच्याकडे सभेची सुरुवात दुखवट्याने होते. गेलेला माणूस पालिकेच्या नोकरीतला असेल तर त्याच्या मानासाठी सभा तहकूब करायची रीत आहे. नेमकं त्या महिन्यात कुणीच गेलं नाही. (एरवी जातात.) अकराला पाच मिनिटं कमी असताना मी यादीत स्वतःच्या हाताने लिहिलं, कै. भिमाजी गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, पालिका शाळा क्रमांक चार. दुसऱ्या कुणाचं नाव घातलं असतं तर त्याच्या घरचे काठ्या घेऊन आले असते. आपण घरचेच, शिवाय निवृत्तीनंतर लांब सिन्नरला जाऊन राहिलेले, असा विचार केला. तो विचार आता कागदावर वाचून माझं मलाच तोंड लपवावंसं वाटतं.

दोन मिनिटं उभे राहतील, चहा घेतील आणि घरी जातील, एवढाच माझा अंदाज होता. पण सायकलवाले खलीलभाई बोलायला उठले. आपल्या तिसरीच्या वर्गातले, बोलताना अडखळणारे. निवडून आल्याला तीन वर्षं झाली, पण सभेत तोंडातून शब्द नाही, नुसता हात वर करतात. ते म्हणाले, "वर्गात सगळे हसायचे मला. गुरुजींनी वर्षभर रोज हजेरी मलाच वाचायला लावली. एकेका नावाला किती टाइम जायचा, पण गुरुजी थांबायचे. आता मला 'खलील, सावकाश' म्हणणारं कोण राहिलं?" दहा मिनिटं बोलले, मामा, आणि एकदाही अडखळले नाहीत. आपण हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतंत. लिहिता लिहिता मला रडू कोसळलं. सख्खा भाचा म्हणून नगराध्यक्षांनी पाठीवरून हात फिरवला, आणि एवढं दुःख असून कामावर आलो म्हणून माझ्या कर्तव्यनिष्ठेचीही इतिवृत्तात नोंद झाली. ती मलाच लिहावी लागली.

सभा तहकूब झाली. मात्र झालेला ठराव तीन महिने रद्द करता येत नाही, असा नियम आहे. म्हणजे कागदोपत्री जुलैपर्यंत आपण... पुढचं लिहवत नाही.

आपला म्हणवून घ्यायची लायकी नसलेला भाचा,
कोंडाजी

ता. क. रविवारी खलीलभाई ठरावाची प्रत घेऊन, नाशिकला गाडी बदलून, मामींचं सांत्वन करायला येत आहेत. तरी आपण शनिवारीच विंचूरला मावशीकडे जावं, आणि मामींनी दारात फार बोलू नये.

आणखी ता. क. वरची ता. क. रद्द समजावी. (तिला तीन महिन्यांचा नियम नाही.) तहकूब सभा काल झाली आणि सातवा विषय बिनविरोध मंजूर झाला. हे पत्र कोंडवाड्यातूनच लिहितो आहे. काल खलीलभाई पुन्हा उठले आणि त्यांच्या आळीच्या नळाबद्दल बोलले. मी दोनदा त्यांच्या दुकानापर्यंत जाऊन खरं न सांगताच परत आलो. हे सगळं खोट्यावर उभं होतं असं कळलं तर ते पुन्हा बोलतील का, या भीतीने झोप नाही. मामा, आपण कुठे जाऊ नका. दार आपणच उघडा. मला द्यायच्या त्या शिव्या नंतर द्या. आपल्याला समोर पाहून ते नक्की अडखळतील. तेव्हा फक्त 'खलील, सावकाश' एवढं म्हणा, आणि थांबा.