चौथ्या आसनावरचा भार

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा! खोली झकास आहे. स्वच्छ पलंग, लिहायला रुंद टेबल, आणि खिडकीतून थेट प्रक्षेपणाचा मनोरा दिसतो. दारावर माझ्या नावाची पाटी लावली आहे, तीही चक्क शुद्ध लिहिलेली. इतका खूश झालो की सामान आणून देणाऱ्याचे दोनदा आभार मानले.

मला इथे का बोलावलं ते टिपून ठेवतो, पुढे पुस्तक करताना बरं पडेल. आजवर इथून जेवढे अंतराळवीर वर गेले, तेवढ्यांनी खाली येऊन एकच वाक्य ऐकवलं: शब्दांत सांगता येत नाही. नसेल येत! ज्यांनी उभ्या जन्मात यंत्रांच्या माहितीपुस्तिकेपलीकडे काही वाचलं नाही, त्यांना कुठून येणार? शर्यत कशी झाली हे घोड्याला विचारण्यातला प्रकार. शेवटी वरच्या साहेबांना अक्कल सुचली आणि यानातलं चौथं आसन एका लेखकाला द्यायचं ठरलं. उड्डाण होताना आतल्या माणसाला नेमकं काय वाटतं, ते त्याने तिथल्या तिथे टिपायचं. निवड माझी झाली. दुसऱ्या कुणाची व्हायची होती?

५ फेब्रुवारी

सोबत्यांची ओळख झाली. देवा! कप्तान म्हणजे दगडाला मिश्या फुटाव्यात तसा. प्रश्न विचारला की मान हलवतो आणि तेच उत्तर समजायचं. इंजिनिअरला सगळे टकळी म्हणतात. तो श्वास घ्यायलाही थांबत नाही, आणि स्वतःच्याच विनोदाला आधी स्वतः हसतो. तिसऱ्या डॉक्टरीणबाई. त्या याआधी एकदा वर जाऊन आल्या आहेत. तिथे काय वाटलं असं विचारलं, तर विचार करून म्हणाल्या, ‘छान वाटलं.’ छान! पृथ्वी सोडून गेली बाई, आणि हातात काय, तर ‘छान’.

माझ्या आसनासाठी बदली म्हणून एकाला तयार ठेवलंय. मुलांसाठी सशांच्या आणि खारींच्या गोष्टी लिहितो. सारखा हसतमुख. मला सर्दी जरी झाली तरी माझं आसन याला मिळणार. मी जेवताना स्वेटर घालून बसतो.

१० फेब्रुवारी

आज यंत्रात बसवलं. एका लांबलचक लोखंडी हाताच्या टोकाला एक कोठी, तीत आपल्याला बांधतात आणि हात गरगर फिरवतात. मी त्याला घाणा म्हणतो. इथे कुणालाही त्यातली गंमत कळली नाही. उड्डाणात शरीर आपल्याच वजनाच्या तिप्पट-चौपट जड होतं, त्याची ही सवय. शिकवणाऱ्या मास्तरांनी सांगितलं की छाती फुगवायला जाऊ नका, पोटाने श्वास घ्या, आणि छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं तर घाबरू नका.

गाल कानांकडे ओघळले. डोळ्यांच्या कडेने जग काळं पडत आलं. हात उचलायला गेलो तर तो दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा पडून राहिला. हे सगळं शब्दांत सांगता येतं, पाहा, मी सांगितलं.

बाहेर आल्यावर मास्तरांनी बाजूला घेतलं. म्हणाले, यंत्र थांबल्यावरही अंगावर भार राहिला तर लगेच सांगायचं, लाजायचं नाही. मागे एका वैमानिकाचा राहिला होता. त्याने सांगितलं, त्याला घरी पाठवलं, आता तो भाजीपाला पिकवतो आणि मजेत आहे. मला हसू आवरेना. आकाश सोडून दुधीभोपळे! मी म्हटलं, माझं मन असं लेचंपेचं नाही.

खरं तर तेव्हाही छाती जड होती. थकवा.

१३ फेब्रुवारी

थकवा अजून गेलेला नाही. नाश्त्याला बसलो तर खुर्चीचा पाय कडकन मोडला. टकळीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की लेखकाच्या अंगी शब्दांचा मेद चढलाय. सगळे खिदळले. ह्यांची विनोदाची धाव तेवढीच.

घरी फोन केला. बायको मध्येच म्हणाली, ‘अरे, असा दबलेला का बोलतोयस? कुणाच्या अंगाखाली सापडल्यासारखा?’ मी तिच्यावर खेकसलो. मग तिचा भाऊ फोनवर आला आणि मला प्राणायाम शिकवायला लागला. मेहुण्याकडून श्वास घ्यायला शिकायचे दिवस आले.

१७ फेब्रुवारी

हे फक्त इथेच लिहितोय. दुपारी घाण्यातून उतरल्यावर अंगरखा काढला. छातीवर दोन लालसर गोल डाग होते, शेजारी-शेजारी. पट्टे तिथे येत नाहीत, मी नीट पाहिलं. बराच वेळ आरशासमोर उभा राहिलो, आणि मग मला कळलं ते कशाचे आहेत. लहान मूल मांडीवर चढताना गुडघे रोवतं ना, तसे. पण हे गुडघे मुलाचे नव्हेत, चांगले रुंद आहेत.

मास्तरांना सांगावं? आणि ससेवाल्याला वर जाऊ द्यावं? तो खाली येऊन काय लिहील ते मला आत्ताच दिसतंय: चांदोबा गोल गोल. नाही.

१९ फेब्रुवारी

वजनाच्या काट्यावर उभा राहिलो. नर्सने आकडा पाहिला, काट्याला थाप मारली, मला उतरवून पुन्हा चढवलं. माझ्या अंगावर आणखी एक भरलेला माणूस असावा एवढं वजन निघालं. तिने कप्तानाला चढवलं, त्याचं बरोबर आलं. डॉक्टरीणबाई माझ्याकडे टक लावून पाहत होत्या. सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, तुमचा काटा किराणा दुकानातला दिसतोय. उद्या पुन्हा बोलावलंय. ग्रॅमग्रॅमचा हिशेब असतो म्हणे. वजन चुकलं तर मला वगळणार.

२० फेब्रुवारी

आज वजन अगदी बरोबर.

काट्यावर पाय ठेवायच्या आधी अंगावरून काहीतरी उतरलं. मला ते कळलं. आधी एक गुडघा निघाला, मग दुसरा. मी पिसासारखा हलका झालो. नर्स हसली, मीही हसलो. अंगरखा घालून दाराबाहेर आलो तेव्हा ते परत चढलं.

भाराची भीती नव्हती. पण त्याला काटा म्हणजे काय ते कळतं. आम्ही काय बोलतो ते कळतं. आणि मला वगळलेलं त्याला नको आहे.

त्याला वर जायचंय.

२४ फेब्रुवारी

मास्तरांच्या खोलीपर्यंत गेलो. दार उघडंच होतं. आत ससेवाला बसला होता, मास्तरांसोबत चहा पीत. मला पाहून उठला आणि स्वतःची खुर्ची देऊ केली. किती गोड! मी म्हटलं, चुकून आलो.

परतताना पायऱ्या चढता येईनात. कठड्याला धरून चढलो. मेंढरासारखे हे सगळे लोक, आणि ह्यांच्यापैकी एकालाही दिसू नये की मी—

२७ फेब्रुवारी

खाता येत नाही. पोटाने श्वास घेतो. डॉक्टरीणबाई आज पुन्हा आल्या, म्हणाल्या, त्या पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्याही घाबरल्या होत्या, आणि ते सांगून टाकल्यावर बरं वाटलं. दारातच उभ्या राहिल्या. मी सांगितलं की सामान्य माणसांच्या भीतीत मला रस नाही. आणि यानात मी लिहीत असताना कृपा करून कुणी मला हात लावू नये, काही विचारू नये. त्यांनी मान डोलावली आणि दार हळू लावून घेतलं.

१ मार्च. यानात

बांधून घातलंय. पाठीवर, गुडघे वर, उलट्या झुरळासारखे चौघे ओळीने. मांडीवर पाटी बांधलीय, पेन्सिलीला दोरी. लिहिता येतंय. लिहीन.

बाहेर पंप घोंघावतात. कुठेतरी झडप आपटते, मग आसन थरथरतं. मनोऱ्याचा हात मागे सरकला तेव्हा अख्खं यान डुललं. जिवंत आहे ते. कप्तानाने डोक्यावर दोरीला चिंध्यांचा ससा टांगलाय, त्याच्या मुलीने शिवलेला. तो तरंगायला लागला की आपण पोचलो म्हणायचं. इथेही ससाच!

टकळी गप्प आहे. पहिल्यांदाच.

ते पुढे सरकून बसलंय. गळ्याजवळ.

पेटलं

आवाज कानात नाही हाडात. काटे दिसत नाहीत सगळं दुहेरी. दात

वाढतोय भार. तिघे कण्हतायत. त्यांच्यावर तिप्पट. माझ्यावर माझा आणि त्याचाही तिप्पट— बरगडी वाजली, मी ऐकली— पोटाने पोटाने

डोळ्यांच्या कडा काळ्या. मधोमध मात्र

नाही, काही नाही दिसत. हवाच. पण हवा दाबतेय

पहिला टप्पा सुटला. सगळे पुढे फेकले गेले, पट्ट्यांवर आदळले. मी नाही. मी हललोच नाही.

बोलायला गेलो. श्वास पुरला नाही. कप्तान म्हणतोय, लेखकमहाशय लिहितायत, लिहू द्या.

१ मार्च. वर

इंजिन बंद. एकदम शांत. ससा तरंगतोय. धूळ, एक स्क्रू, टकळीचा हातमोजा. टकळी रडतोय हसतोय. किती सुंदर म्हणतोय, पुन्हा पुन्हा तेच. म्हणू दे. त्याला तेवढंच येतं आणि तेवढं पुरे होतं. मला का नाही

इथे कशालाच वजन नाही. माझी गादी खचतेय. आसनाचे पाय कुरकुरतायत. मान उचलता येत नाही.

तिघे सुटे झाले. खिडकीला चिकटलेत. माझ्याकडे पाठ. हाक— आवाज नाही. पाटीवर मोठं लिहिलं, वाचवा. वर धरायला हात उठत नाही. आणि कुणी बघत नाही, मीच सांगितलं होतं, हात लावू नका, विचारू नका म्हणून.

कप्तान काहीतरी म्हणाला. यान एका बाजूला कलतंय, कारण सापडत नाही. माझ्या बाजूला.

डॉक्टरीणबाई वळल्या. पाहिलं. माझा चेहरा पाहिला. येतायत. न विचारता येतायत. बाई, या. लवकर

पट्टे सोडले. मी उठत नाही. त्या म्हणाल्या, घाबरू नका, नाडी बघते. हात छातीकडे

पोचला नाही.

हात मध्येच थांबला. माझ्या छातीच्या वर, वीतभर. कशावर तरी टेकला. त्यांची बोटं चाचपतायत. खाली रुंद. मग वर. मग खांद्यासारखं. बोटं वर वर जातायत, त्यांचे ओठ पांढरे. कप्तानाला म्हणाल्या, अगदी हळू, इथे कुणीतरी बसलंय.

बोटं त्याच्या गालाशी आली असतील. त्यांनी हात मागे घेतला.

हलकं होतंय. एक गुडघा उचलला. श्वास आला. ते वळतंय, बाई, ते तुमच्या अंगाव—