पाडव्याच्या आकाशाचा फोटो कोणालाही न देण्याबाबत

मी, मनुबाई तात्याबा निकम, वय ७४, राहणार कोरेगाव, जि. सातारा, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून ठेवते की माझी बुद्धी स्थिर आहे. पृथ्वी स्थिर आहे की नाही, ते मात्र मला सांगता येणार नाही.

१. उसाचं रान मुलगा राजवर्धन यास. फौजेतून आल्यापासून तोच साताऱ्याहून येऊन कसतो.

२. दागिने मुलगी संयोगिता, राहणार सांगली, हिला. माझं पुरणयंत्र गोदावरी जाऊबाईंनी नेलंय, तेही तिलाच. त्या "आमचंच हाय" म्हणतील. ऐकू नये.

३. राहतं घर दोघांचं, सामाईक. वाटणी करू नये.

४. सोप्यातला फोटो. गेल्या दिवाळीत पाडव्याला संयोगिताने गच्चीवर कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवला, आणि ताऱ्यांच्या बांगड्याच बांगड्या उमटल्या. भाऊबिजेच्या सकाळी राजवर्धन म्हणाला, "आई, बघ, तारं फिरल्यात. आपलं घर हाय तितंच हाय. पृथ्वी फिरती म्हणं!"

संयोगिता म्हणाली, "एसटीतनं झाडं पळताना दिसत्यात, म्हून झाडं पळत्यात व्हय? दादा, तू तोफखान्यात होतास. लांबचा गोळा टाकताना पृथ्वीच्या फिरण्याचा हिशेब धरत न्हवता?"

त्याने गाडी काढली आणि तो ओवाळून न घेताच गेला. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत, आणि पुरावा म्हणून फोटो दोघांनाही हवाय! मला तर दोघांचंही पटतं. लग्नात भटजींनी न हलणारा म्हणून दाखवलेला ध्रुवसुद्धा त्यात जरा सरकलाय. आता विश्वास ठेवायचा कोणावर? मधोमध कापला तर अर्ध्या बांगड्यांचं दोघं काय करणार?

म्हणून फोटो कोणालाच नाही. तो सोप्यातच राहील. दर भाऊबिजेला त्याच्याखाली पाट मांडावा, राजवर्धनने बसावं, संयोगिताने ओवाळावं. कोण कोणाभोवती फिरतं यावर मग खुशाल भांडावं, पण ताट खाली ठेवल्यावर.

वकील म्हणाले, "आज्जी, हे कायद्यात बसत नाही."

मी म्हटलं, "ध्रुव सरकला, मग कायद्याला काय धाड भरलीय?"

भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात. त्या भाऊबिजेच्या संध्याकाळी, भाऊ साताऱ्यात धडधाकट असताना, माझ्या लेकीने चंद्राला ओवाळलं. ते मला पुन्हा बघायचं नाही, वरूनही नाही.

ठिकाण: कोरेगाव
दिनांक: १२ जानेवारी २०२६
सही: मनुबाई तात्याबा निकम

आमच्यासमोर सही केली:
१. शंभूराज धनाजी बर्गे
२. बिराप्पा लालासाहेब माने