प्रार्थनेपुरते मिटलेले डोळे

३ नोव्हेंबर १९९७, पेर्म, रशिया

पोचलो एकदाचा! गाडीतून उतरलो तोच नाकातले केस गोठले आणि मी वेड्यासारखा हसत सुटलो. आमच्या टोंगा बेटांवर कुणाला सांगून पटायचं नाही. स्टेशनावर मिशनमधला माझा जोडीदार टिंगी उभा होता: अमेरिकेतल्या आयडाहोच्या बटाट्याच्या शेतावरचा, काटकुळा, लाल कानांचा. माझा कोट चिमटीत धरून म्हणाला, हा कोट आहे की रुमाल? मग स्वतःचाच मफलर माझ्या गळ्यात गुंडाळला. आवडला गडी.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर. घरमालकीण रईसा आजी खाली राहतात. माझा देह बघून त्यांनी टिंगीला विचारलं, याला रोज खायला घालायचं म्हणजे माझं दिवाळं काढणार का? आणि बीटचं सूप दोनदा वाढलं.

आमच्या ख्रिस्ती मिशनचा नियम कडक. जोडीदार कधी नजरेआड होऊ द्यायचा नाही. टिंगी म्हणतो, नवराबायकोसुद्धा एवढी चिकटून राहत नाहीत. सुटका फक्त न्हाणीघरात, आणि प्रार्थनेला डोळे मिटतो तेवढी.

९ नोव्हेंबर

धर्मप्रचारासाठी शंभरावर दारं ठोठावली, बहुतेक तोंडावर आपटली. आज आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर गेन्नादी नावाचे म्हातारबाबा भेटले. साखळी काढलीच नाही, फटीतूनच बोलले. विचारलं, तुम्ही कायम दोघं असता? एकटं कधीच नाही? मी ऐटीत सांगितलं, कधीच नाही. त्यावर म्हणाले, मला कुणी नाही.

मी फटीजवळ वाकलो. म्हटलं, आता मी आहे ना, तुम्हाला एकटं राहू देणार नाही, शब्द देतो. टिंगीनं कोपरानं ढोसलं. जिन्यात जाम भडकला. दारोदार असले शब्द वाटत फिरू नकोस, तू काय इथं जन्मभर राहणारेस? मी म्हटलं, लेका, आपण आलोय तरी कशाला मग?

१२ नोव्हेंबर

केक घेऊन पाचव्या मजल्यावर गेलो. दाराला पोलिसांची कागदी पट्टी, वर शिक्का. तारीख सप्टेंबरची.

रईसा आजींनी छातीवर क्रुसाची खूण केली. गेन्नादी सप्टेंबरातच गेला म्हणाल्या, आठवडाभर कुणाला पत्ता नव्हता. मग माझ्याकडे रोखून बघत विचारलं, काय बोललास त्याच्याशी? सांगितलं. मटकन बसल्याच त्या. म्हणाल्या, अरे मूर्खा, त्याला सोबत हवी होती आणि तू शब्द देऊन जोडीदाराशेजारची आपली जागाच त्याला देऊन बसलास.

टिंगी म्हणाला, आपण दार चुकलो असू, आणि त्याला हसू आलं. मलाही आलं, पण थोडंच.

१५ नोव्हेंबर

सकाळची प्रार्थना संपली तर टिंगी हसू दाबतोय. म्हणाला, प्रार्थनेत विनोद कसले सांगतोस रे, पाप लागेल! मी काहीच बोललो नव्हतो. त्याला वाटलं, चेष्टा करतोय.

१७ नोव्हेंबर

जेवणाआधीची प्रार्थना. डोळे उघडले तर टिंगी म्हणतो, बरं, तू एवढं म्हणतोस तर जाऊ पाचव्या मजल्यावर. मी कधी म्हणालो? तो म्हणाला, आत्ताच की!

माझे डोळे मिटले की कुणीतरी माझ्या आवाजात याच्याशी बोलतं.

त्याला जायचंच होतं. पाय दुखतोय म्हणून कसंबसं अडवलं.

१८ नोव्हेंबर

आज डोळे उघडे ठेवून प्रार्थना केली. टिंगीनं पकडलं. सगळं सांगून टाकलं. तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, तुला घरची फार आठवण येतेय. मिशनप्रमुखांना फोन केला त्यानं. शुक्रवारी संध्याकाळी येतील, मला दुसरीकडे हलवतील.

मला नको, त्याला हलवा! त्याच्या आईची रोज चिठ्ठी येते. याला काही झालं तर त्या बाईला मी काय तोंड दाखवू?

२० नोव्हेंबर

झोपलो नाही. झोपेतही डोळे मिटतातच की. बर्फानं तोंड धुतो. टिंगीवरून नजर हटवत नाही. तो चिडतो — चिडू दे.

एकच दिवस.

२१ नोव्हेंबर, दुपार

चूक झाली. त्याच्यासाठीच प्रार्थना करत होतो — इतकं मनापासून की सवयीनं डोळे — देवा, याला सांभाळ — एवढंच —

खुर्ची रिकामी. त्याचा कोट नाही. माझाही नाही.

जिन्यात धावलो. वरच्या वळणावर दोघं. टिंगी, आणि माझा कोट घातलेला — माझी चाल — जिवाच्या आकांतानं ओरडलो. टिंगी वळला. थेट माझ्याकडे बघितलं. त्याला काही दिसलं नाही. शेजारच्याला विचारलं, काही ऐकलंस? माझ्या आवाजात उत्तर आलं — नाही रे.

त्याला धरायला गेलो. हात त्याच्या बाहीवर थांबतच नाही. खाली जाऊन रईसा आजींना हाका मारल्या. त्यांनी शाल ओढून घेतली, खिडकी लागलीय का ते बघितलं.

पेन अजून धरता येतंय, जिन्यात बसून लिहितोय. कुणी हे वाचलंत तर पाचव्या मजल्यावर पळा — आधी पळा —

वर दारावरची कागदी पट्टी फाटल्याचा आवाज.

वरचं दार उघडलं. टिंगी विचारतोय, इथं एवढी थंडी कशी —

टिंगी, तो मी नाही. मी इथं आहे. मी इ