लेव्हल बरोबरच होती

३ मार्च, सकाळी
आजपासून कुणावर उगाच संशय घ्यायचा नाही.
पहिलीच पेशंट आली, ठकी. वय दोन. ऐकू यावं म्हणून चार महिन्यांपूर्वी इम्प्लांटचं ऑपरेशन झालं. कानावरचं यंत्र मीच लावून दिलं. आई म्हणते, दिवसभर लावते. यंत्रातली नोंद म्हणते, चाळीस मिनिटं. विचारलं तर म्हणे, लावते हो, पण ही लगेच ओढून काढते. सगळ्या आया हेच सांगतात. आवाजाची लेव्हल वाढवली. पोरीने डोळे गच्च मिटले. झोप आली असावी.

१० मार्च
बावीस मिनिटं. आता संशय आजीवर. म्हणे, तुमचं यंत्र तिला चावतं. जुनी माणसं! लेव्हल आणखी वाढवली. पोर किंचाळलं. म्हणजे ऐकू येतंय. प्रगती आहे.

११ मार्च, दुपारी
नवी ज्युनिअर माझ्या स्क्रीनमध्ये डोकावत होती. म्हणाली, "सर, आवाज जास्त होत असेल का?" गोड बोलून खुर्ची बळकावण्याचा बेत. वीस वर्षं काय गवत उपटलं? पासवर्ड बदलला.

१२ मार्च
नवा पासवर्ड आठवेना. ज्युनिअरकडूनच रीसेट करून घेतला. म्हणजे तिचंच साधलं.

१७ मार्च
विभागप्रमुख मॅडमनी ठकीची केस ज्युनिअरला दिली. कट शिजलाय. मी काचेतून लक्ष ठेवलं. तिने लेव्हल पार खाली आणली, मग पोरीचा चेहरा बघत एकेक पायरी वर. माझ्या निम्म्यावर थांबली. निम्म्यात काय ऐकू येणार, कपाळ? लेखी तक्रार करायला घेतली.

२४ मार्च
गुपचूप नोंद पाहिली. रोज साडेनऊ तास. आकड्यांत फेरफार? कंपनीला फोन केला. शक्यच नाही म्हणाले. तिथेही हिची ओळख दिसते.

२६ मार्च, संध्याकाळी
कॉरिडॉरमध्ये ठकी पुढे पळत होती. मागून आईने हाक मारली, साध्या आवाजात. पोर थांबलं. वळून बघितलं. मी स्वतः पाहिलं.
मग तिची नजर माझ्यावर पडली. तिने दोन्ही हातांनी कानावरचं यंत्र घट्ट दाबून धरलं.
आई तिला जवळ घेत म्हणाली, "घाबरू नको. काका आता हात लावणार नाहीत."
त्या दोघी लिफ्टमध्ये शिरेपर्यंत मी हात पाठीमागे धरून उभा होतो.