हॉपची पारख

सदर्क, लंडन
ऑक्टोबर १९२९

प्रिय बाबा,

पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर टाकतेय. पेढीवर पाठवलं तर लायनेल आधी फोडून वाचेल. ताईचा नवरा झाला म्हणून त्याची ती खोड काही गेलेली नाही.

परवा बरो हाय स्ट्रीटवरून चालत गेले. आजोबांच्या काळात केंटहून हॉपच्या गाड्या आल्या की बिअरच्या त्या कडू फुलांचा वास अख्ख्या रस्त्याला यायचा. आता निम्म्या वखारींना कुलपं लागलीत. आपली टिकली ती कशी, हे फक्त तुम्हाला आणि मला ठाऊक आहे.

अठरा सालच्या तापात तुम्हाला वास येणं कायमचं बंद झालं. बाजारात कळतं तर तुम्हाला दारात कुणी उभं केलं नसतं. तुम्ही नमुने खिशात घालून घरी आणायचात, दाबून भरलेल्या पोत्यातून कापलेले फुलांचे चौकोनी तुकडे. चहा निवत ठेवून मी ते तळहातावर चुरडायचे, हुंगायचे, सांगायचे, “हा घ्या. तो भट्टीत करपलाय, नको.” दुसऱ्या दिवशी तुम्ही चारचौघांत डोळे मिटून हुंगायचात आणि माझंच वाक्य म्हणायचात. अकरा वर्षं. मला वेडीला त्याचा अभिमान वाटायचा!

आणि भागीदारी लायनेलला. ज्याला हॉप आणि वाळलं गवत यांतला फरक कळत नाही, त्याला. तेही सोडलं असतं मी. पण मेजवानीत कुणीसं माझं नाव काढलं, तर तुम्ही म्हणालात, “आमची मॉड? तिला कसला वास येतोय! बाराही महिने सर्दी.” सगळे हसले. मीही हसले. बाबा, केसानं गळा कापलात माझा.

सोमवारपासून मी नदीपलीकडच्या बिअरच्या कारखान्यात लागलेय. कागदोपत्री कारकून, पण खरेदीचे नमुने मीच हुंगते. आज सकाळी तुमच्या चाळीस पोत्यांचा नमुना माझ्या टेबलावर आला. वरून रंग उजळायला दिलेली गंधकाची धुरी, आत बुरशी. चिठ्ठीवर तुमची सही, ‘स्वतः पारखलेला माल’. उद्या दहाला तुम्ही आमच्या मालकांसमोर तो चुरडणार, डोळे मिटणार आणि उत्तम म्हणणार. मग तुम्हाला वास येत नाही हे दुपारपर्यंत साऱ्या बाजाराला कळेल. संध्याकाळच्या टपालानं हे तुम्हाला मिळेल. दहाच्या आत माल परत घ्या. हे तुमची मुलगी सांगतेय. दहानंतर मालक मला विचारतील, आणि मी खरं तेच सांगेन.

अजूनही तुमचीच,
मॉड