गल्लीवरचा सूड

११ एप्रिल १९८३, सोमवार. लातूर
सकाळी टँकरच्या लायनीत धक्का बसला आणि पाइपसाठी खणलेल्या खड्ड्यात पडलो. हंड्यासकट. छातीएवढा खोल. नवा जिल्हा झाल्यापासून पाणी नाही, नुसते खड्डे. वर अख्खी गल्ली उभी. किराणावाले विरूपाक्षप्पा बघत राहिले. रामकिशन मास्तर बघत राहिले. "अरं, कुनीतरी हात द्या की!" असं जो तो दुसऱ्याला म्हणत होता. शेवटी शेजारच्या साखराबाईनं, साठीच्या बाईनं, पदर खोचून मला ओढून काढलं.
नांदेडला असं झालं नसतं. उगाच बदली घेतली.
ठरलं. एकेकाला बघून घेतो.

१२ एप्रिल
सगळ्या गल्लीशी अबोला. संध्याकाळपर्यंत कोणाच्याच लक्षात आलं नाही. उद्यापासून आणखी कडक.

१४ एप्रिल
विरूपाक्षप्पांकडून साखर घेणं बंद. लांबच्या दुकानातून आणली, वाटेत पुडा फुटला. बिनसाखरेचा चहा. पण तत्त्वाचा.

१७ एप्रिल, रविवार
जबरदस्त प्लॅन! कोणी पडू नये म्हणून कोणीतरी खड्ड्यावर बाभळीच्या फांद्या टाकल्यात. विरूपाक्षप्पा रोज सकाळी तिथूनच देवळात जातात, मान वर करून. अंधार पडल्यावर फांद्या काढल्या. पडू दे. मी गॅलरीतून म्हणणार, "अरं, कुनीतरी हात द्या की!" सराव केला. आवाज चांगला लागतो.

१८ एप्रिल, सकाळी
विरूपाक्षप्पा देवळात गेलेच नाहीत. टँकर आला, पळापळ झाली, आणि खड्ड्यात पडली साखराबाई.
मी लगेच उठलो होतो. पण खाली एवढी माणसं, मास्तर तर अगदी काठावर. मी जिना उतरेपर्यंत कोणीतरी काढणारच. शिवाय चप्पल सापडेना. बाई एकदा कण्हली, मग गप्प. म्हणजे फार लागलं नसणार. सगळे एकमेकांकडे बघत उभे. बऱ्याच वेळानं विरूपाक्षप्पाच दुकानातून धावत आले आणि धोतर सावरत आत उतरले. माणूस दिखाऊ आहे.

दुपारी
खुबा मोडला म्हणतात. फांद्या वाऱ्यानंही गेल्या असत्या.

१९ एप्रिल
फांद्या परत टाकल्या. मास्तरांनी बघितलं. म्हणाले, गुरुलिंगराव, तुम्हाला तरी लोकांची काळजी आहे. नाही कशाला म्हणू? गल्ली सुधारते आहे.

२१ एप्रिल
मोसंबी घेऊन दवाखान्यात गेलो. लोक किती निर्दय झालेत, कसे नुसते बघत उभे राहिले, हे साखराबाईला नीट समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पडल्या पडल्या वर बघितलं. तुमी गॅलरीत उभे दिसलाव. म्हनलं, आता हे येतेत. म्हनून दुसऱ्या कुनाला हाकच मारली न्हाई."
मोसंबी सोलून पुढं केली. तिनं घेतली नाही.